वनस्पतींची भुकटी आणि अंतर्ज्वलन इंजिन

अंतर्ज्वलन इंजिनाचा इतिहास पेट्रोलपासून सुरू होतो, हा समज अपुरा आहे. फ्रान्समधील निसेफोर आणि क्लोद निएप्स या बंधूंनी १८०७ मध्ये ज्या इंजिनाचे पेटंट मिळवले, त्याचे इंधन लायकोपोडियम या वनस्पतीच्या बीजाणूंची भुकटी हे होते. सोन नदीत त्यांनी या इंजिनावर नावही चालवून दाखवली. (यांतील निसेफोर पुढे छायाचित्रणाचा जनक म्हणून ओळखला गेला.) भुकटी महाग पडल्याने त्यांना दुसऱ्या इंधनांकडे वळावे लागले. पुढे रुडॉल्फ डिझेलनेही आपल्या इंजिनासाठी कोळशाच्या भुकटीचा विचार केला होता.

यामागील तत्त्व सोपे आहे. लाकडाचा ओंडका सावकाश जळतो. त्याचीच बारीक भुकटी हवेत मिसळली तर पृष्ठफळ अनेक पटींनी वाढते आणि ज्वलन स्फोटासारखे होते. तरीही वेळेची मर्यादा मोठी आहे. मिनिटाला १,५०० फेरे घेणाऱ्या इंजिनात दट्ट्याचा एक आघात सेकंदाच्या पन्नासाव्या भागात संपतो. तेवढ्यात कण पूर्ण जळायचा तर तो अतिशय सूक्ष्म आणि कोरडा हवा. दळण्या-वाळवण्यातच बरीच ऊर्जा खर्ची पडते.

खरी अडचण मात्र राखेची आहे. डिझेल जळल्यावर मागे राख जवळजवळ उरत नाही. भाताच्या तुसाच्या वजनाचा सुमारे पाचवा भाग राख असतो आणि तीत मुख्यत्वे सिलिका असते. हे कठीण कण वंगण तेलात मिसळून सिलिंडरच्या भिंती व दट्ट्याच्या कड्या घासून काढतात. इंधन फुकट मिळाले तरी इंजिन परवडत नाही, ते यामुळे. साल काढलेल्या लाकडात राख बरीच कमी असते. परंतु आपल्याकडे विपुल आहेत ते शेतीतील अवशेष.

म्हणून भारतात वायूकरणाचा मार्ग अधिक रुळला. अपुऱ्या हवेत जैवभार तापवला की कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजनयुक्त ज्वलनशील वायू तयार होतो आणि राख इंजिनाबाहेरच राहते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने या तंत्रावर दीर्घकाळ काम केले; बिहारमध्ये २००७ पासून तुसाच्या वायूवर खेड्यांना वीज देण्याचे प्रयोग झाले. या वायूचे उष्मांकमूल्य घनमीटरला ४ ते ५ मेगाज्यूल, म्हणजे नैसर्गिक वायूच्या सातव्या-आठव्या भागाइतकेच. डिझेल इंजिनात तो वापरताना ठिणगीपुरते थोडे डिझेल लागतेच. शिवाय वायूतील डांबर काढावे लागते, आणि ते धुतलेल्या पाण्याची विल्हेवाट हा या तंत्राचा दुर्लक्षित भाग होय.

भुकटीला खरी जागा मिळाली ती बाष्पित्रात. तेथे राखेने झिजणारा दट्ट्या नसतो. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या धोरणाने औष्णिक केंद्रांत कोळशाबरोबर शेतीच्या अवशेषांचे पेलेट जाळण्याचे बंधन घातले. बहुतेक केंद्रांसाठी हे प्रमाण सुरुवातीला ५ टक्के ठेवण्यात आले. हे पेलेट कोळशाबरोबर चक्कीत दळले जातात आणि भुकटीच्या रूपातच भट्टीत जातात.