घेवडा पेरावा केव्हा आणि रोप हलवावे केव्हा?

मृगाची पहिली सर येते, मातीचा गंध घरभर दरवळतो आणि परसबागेची हौस असलेल्या माणसाचा हात आपोआप बियाण्याच्या डब्याकडे जातो. त्या डब्यात बहुधा एखादी पुरचुंडी असते. कधी ती माहेरहून आलेली असते, कधी आजीने जपलेली, कधी गावाकडच्या शेतकऱ्याने आपुलकीने दिलेली. तीत घेवड्याचे पंधरा-वीस दाणे असतात. दुसऱ्याच दिवशी ते कुंडीत किंवा वाफ्यात टोकले जातात. आठवडा उलटतो, दहा दिवस उलटतात. दोन रोपे कशीबशी वर येतात आणि बाकीच्या जागी माती उकरून पाहिली, तर बुळबुळीत, कुजलेले दाणे हाती लागतात.

बाजारातून आणलेले पाकीट वाया गेले तर दुसरे आणता येते. पुरचुंडीतले बियाणे मात्र एकदा गेले की कायमचे गेले. अशा वेळी दोष बियाण्याला दिला जातो. खरा दोष पुष्कळदा पेरणाऱ्याच्या घाईचा असतो.

घेवड्याचा स्वभाव

श्रावण घेवडा, फरसबी, राजमा, वाघ्या घेवडा ही नावे निरनिराळी असली, तरी वनस्पतीची जात एकच आहे. कोवळ्या शेंगेची भाजी केली तर ती फरसबी, दाणा वाळवून ठेवला तर तो राजमा. हे पीक मूळचे आपल्याकडचे नव्हे. त्याचे मूळ घर मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील डोंगराळ प्रदेशात आहे. तेथील हवा ना फार तापणारी, ना गोठवणारी. हजारो मैलांचा प्रवास करून तो आपल्या स्वयंपाकघरात रुळला, पण स्वभाव मात्र मूळ घराचाच राहिला.

मातीचे तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली असेल, तर घेवड्याचे बी जवळजवळ उगवतच नाही. १५ अंशांच्या आसपास ते उगवते, पण त्याला दोन आठवड्यांहून अधिक काळ लागू शकतो. तेच बी २५ अंशांच्या उबदार मातीत साधारण आठवडाभरात वर येते. दुसऱ्या बाजूने, झाड फुलावर असताना पारा सतत ३० अंशांच्या वर चढू लागला की फुले गळतात आणि शेंगा धरत नाहीत. म्हणजे पेरताना गारठा नको आणि फुलताना कडक ऊन नको. पेरणीची योग्य वेळ या दोन टोकांच्या मध्येच शोधावी लागते.

मातीच्या आत काय घडते?

घेवड्याच्या दाण्याची दोन जाड दले म्हणजे रोपाचे भांडवल होय. पहिली खरी पाने उघडून सूर्यप्रकाशावर अन्न तयार करू लागेपर्यंत रोपाचा सारा खर्च याच भांडवलातून चालतो. उगवण आठवड्यात झाली तर शिल्लक भरपूर राहते आणि रोप जोमदार होते. ती दोन-तीन आठवडे रेंगाळली तर भांडवल मातीतच संपत जाते आणि वर येणारे रोप जन्मतःच अशक्त असते.

गार आणि चिंब मातीत याहून मोठी हानी होते. कोरडा दाणा पहिल्या काही तासांतच भराभर पाणी शोषतो. ते पाणी थंड असेल, तर दाण्यातील पेशींची नाजूक आवरणे फाटतात आणि आतील साखर बाहेर झिरपू लागते. त्या गोडीवर मातीतील बुरशी जमते आणि दाणा कुजतो. दाणा जितका अधिक वाळलेला, तितका हा धोका मोठा.

येथे स्वयंपाकघरातील एक सवय आड येते. उसळीसाठी मटकी किंवा राजमा रात्रभर भिजत घालण्याचा आपला प्रघात आहे. तोच नियम पेरणीच्या दाण्याला लावला जातो. पाण्यात फार वेळ बुडालेल्या दाण्याला हवा मिळत नाही, त्याची दले तडकतात आणि तो मातीत जाण्यापूर्वीच दुबळा होतो. भिजवायचेच असेल तर दोन-तीन तास पुरे. ओलसर, उबदार मातीत तर भिजवण्याची गरजच नसते.

वाफसा ओळखावा कसा?

मराठी शेतकऱ्याने या साऱ्यासाठी एक नेमका शब्द घडवला आहे, तो म्हणजे वाफसा. पावसानंतर जास्तीचे पाणी निचरून जाते, मातीच्या कणांमध्ये हवा खेळू लागते, तरीही ओल टिकून असते. मातीची ती अवस्था म्हणजे वाफसा. मूठभर माती हातात घेऊन दाबावी. बोटांच्या फटीतून पाणी आले किंवा चिखलाचा गोळा झाला, तर थांबावे. गोळा झाला, पण बोटाच्या हलक्या स्पर्शाने तो विस्कटला, तर वाफसा आला असे समजावे. मूठ उघडताच माती भुरभुर सांडली, तर आधी पाणी देऊन एक-दोन दिवस वाट पाहावी.

ओल मुठीने कळते, ऊब मात्र कधी कधी फसवते. जानेवारीत दुपारी मातीचा वरचा थर कोमट लागतो आणि दोन इंच खाली गारवा असतो. साधा तापमापक सकाळच्या वेळी दोन इंच खोल रोवून पाहावा. तीन-चार दिवस ओळीने १६ अंशांच्या वर आकडा दिसला, तर पेरणीस हरकत नाही.

दाणा सव्वा ते दीड इंच खोल टोकावा. घेवड्याचे रोप मान वाकवून, कमानीसारखे माती वर ढकलत येते आणि दले आपल्यासोबत उचलून आणते. जोराच्या पावसाने किंवा वरून ओतलेल्या पाण्याने मातीवर पापडी धरली, तर ही कोवळी मान आतच मोडते. म्हणून उगवण होईपर्यंत झारीने हलके पाणी द्यावे आणि वर चाळलेल्या शेणखताचा पातळ थर पसरावा.

ठिकाण तशी वेळ

महाराष्ट्रात घेवड्याचे तीन हंगाम सांगितले जातात. खरिपात जून-जुलै, रब्बीत सप्टेंबर-ऑक्टोबर आणि उन्हाळीसाठी जानेवारी-फेब्रुवारी. हे महिने पंचांगातील मुहूर्ताप्रमाणे पाळायचे नाहीत. त्यांच्या आत आपल्या गावचा दिवस आपणच शोधायचा आहे.

खरिपात गारठ्याची भीती नसते. भीती असते ती पहिल्या सरीने भुलण्याची. वळवाने किंवा मृगाच्या एखाद्या सरीने माती वरवर भिजते, आत ती तापलेलीच राहते. मग पावसाने उघडीप दिली की कोवळे अंकुर करपतात. पुरेसा, म्हणजे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असा सल्ला कृषी विभाग देत असतो, तो याचसाठी. दुबार पेरणी म्हणजे काय, हे बाजारपेठेतील कुटुंबांना सांगायला नको. त्या वर्षी शेतकऱ्याची उधारी वाढते आणि पेठेचा दिवाळीचा हंगामही फिका पडतो. परसबागेत तोटा लहान असतो, कारण मात्र तेच.

सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्याचा वाघ्या घेवडा हे खरीप घेवड्याचे नामांकित उदाहरण आहे. दाण्यावरील तांबूस पट्ट्यांमुळे त्याला हे नाव मिळाले आणि २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही लाभले. पाण्याचा निचरा होणारी माती, बेताचा पाऊस आणि सौम्य हवा ही या पिकाची गरज आहे. कोकणातील आषाढ-श्रावणाच्या धारेत मात्र फरसबीची मुळे पाण्याखाली गुदमरतात. तेथे पावसाचा जोर ओसरल्यावर पेरलेली फरसबीच अधिक सुखी असते.

उन्हाळी पेरणीत कसोटी लागते. नाशिक जिल्ह्यात, विशेषतः निफाड परिसरात, डिसेंबर-जानेवारीत पारा पुष्कळदा फार खाली उतरतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी काही वर्षी दवबिंदू गोठतात. अशा ठिकाणी संक्रांतीच्या उत्साहात पेरणे म्हणजे बियाणे गमावणे होय. थंडी ओसरेपर्यंत तेथे दम धरावा. विदर्भात उलट अडचण येते. मार्चमध्येच ऊन तापू लागते आणि उशिरा पेरलेल्या घेवड्याची फुले गळून जातात. तेथे रब्बीची पेरणीच अधिक भरवशाची. बुटक्या घेवड्याला पेरणीपासून फुलापर्यंत साधारण पाच ते सहा आठवडे लागतात. तेवढे आठवडे पुढे मोजून, त्या वेळी आपल्या गावी ऊन किती असेल याचा अंदाज घेतला, तर पेरणीचा दिवस आपोआप सापडतो.

रोप हलवावे केव्हा?

वांगी, मिरची, टोमॅटो यांची रोपे वाफ्यातून उपटून लावली तरी तग धरतात. घेवड्याला हे मानवत नाही. त्याचे मूळ सरळ खाली धावते आणि एकदा दुखावले की रोप बरेच दिवस खुंटते. म्हणूनच शेतात घेवडा थेट जागेवर टोकतात. बियाणे मोजकेच असेल, किंवा पक्षी, गोगलगाई आणि मुसळधार पाऊस यांपासून कोवळे अंकुर जपायचे असतील, तर रोपे तयार करणे शहाणपणाचे ठरते.

त्यासाठी वर्तमानपत्राच्या पुंगळ्या किंवा तळाला भोके पाडलेले कागदी पेले घ्यावेत. प्रत्येकात एकच दाणा टोकावा. दलांच्या वर पहिल्या खऱ्या पानांची जोडी पूर्ण उघडली की रोप जागेवर लावावे. उबदार दिवसांत उगवणीनंतर आठ-दहा दिवसांतच ही वेळ येते. तिसरे-चौथे पान येईपर्यंत थांबले, तर मुळे पेल्यात गुंडाळली जातात. लावण्यापूर्वी चार-पाच दिवस पेले रोज थोडा वेळ उन्हा-वाऱ्यात ठेवावेत. सावलीत वाढलेले रोप एकदम उघड्यावर नेले तर त्याची पाने भाजतात.

लावणी सायंकाळी करावी. कागदाची पुंगळी तशीच मातीत ठेवावी, फक्त तिची वरची कड मातीबाहेर राहू देऊ नये, नाहीतर ती ओल शोषून घेते. मेणाचा लेप असलेला पेला मात्र अलगद फाडून काढावा. बुटक्या घेवड्यात दोन रोपांमध्ये वीतभर अंतर पुरते. वेलाच्या जातीला काठीचा आधार लावणीच्याच दिवशी द्यावा. नंतर काठी रोवताना मुळे तुटतात.

वालाची शिकवण

घेवड्याचे दूरचे भाऊबंद वाल आणि पावटा यांची तऱ्हा आणखी निराळी. यांचे बरेचसे जुने गावठी वाण दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फुलत नाहीत. वेल जूनमध्ये लावला तरी तो मांडवभर पसरतो आणि फुलासाठी थंडीच्या चाहुलीची वाट पाहतो. कोकणात भातकापणीनंतर, जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात, त्यामागे हीच जाण आहे. लवकर पेरले म्हणजे लवकर पिकले, असा हिशेब येथे लागू पडत नाही.

निम्मे दाणे डब्यातच

व्यापारात सारे भांडवल एका सौद्यात घालत नाहीत. पुरचुंडीतील बियाण्यालाही तोच नियम लावावा. दाणे पुरेसे असतील, तर आधी दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांची उगवण पाहावी. सात-आठ दाण्यांना मोड आले तर बियाणे उत्तम आहे, आणि ते मोड आलेले दाणेही हलक्या हाताने पेल्यांत लावता येतात. मग उरलेल्यांपैकी निम्मे पेरावेत आणि निम्मे राखेत घोळून, घट्ट झाकणाच्या डब्यात पुढच्या हंगामासाठी ठेवावेत. पीक आल्यावर दोन-तीन निरोगी वेलांच्या शेंगा न तोडता वेलावरच वाळू द्याव्यात. त्यांतून डबा पुन्हा भरतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्याचे आणि इतर पिकांचे गावठी वाण अशाच निष्ठेने जपले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या कार्याची सुरुवात घरच्या परसातूनच झाली होती. प्रत्येक घराला एवढे मोठे कार्य साधणार नाही. पण आजीच्या पुरचुंडीतील वाण नातवंडांच्या ताटापर्यंत पोहोचवणे कोणत्याही घराला जमण्याजोगे आहे. त्यासाठी एकच पथ्य पाळावे लागते. पहिली सर आली, तरी माती मुठीत घेऊन पाहावी आणि तिने होकार दिल्यावरच डब्याचे झाकण उघडावे.