दूध तापविण्याच्या यंत्रासाठी तापसंवेदकाची निवड व जोडणी

पुणे शहराच्या दक्षिणेस, घाटाच्या पायथ्याशी वसलेले कात्रज हे गाव नानासाहेब पेशव्यांच्या काळी तेथील तलावातून शहरास नेलेल्या पाण्यासाठी प्रसिद्धीस आले. आज ते नाव घरोघर घेतले जाते ते दुधामुळे. पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची डेअरी येथेच आहे. मोठ्या डेअरीत दूध निर्जंतुक करण्याच्या यंत्रात ते सुमारे ७२ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून निदान १५ सेकंद त्याच उष्णतेवर ठेवतात. उष्णता कमी पडली की एक झडप आपोआप फिरते व कच्चे राहिलेले दूध मागे परतविले जाते. या झडपेस हुकूम देतो तो बोटाएवढा एक अवयव, म्हणजे तापसंवेदक. बाजारात त्यास सेन्सर म्हणतात.

अलीकडे अनेक शेतकरी बंधू व महिला बचत गट पनीर, दही, श्रीखंड करण्यासाठी शंभर-दोनशे लिटरच्या विजेच्या हौदात दूध तापवू लागले आहेत. येथे ६३ अंशांवर ३० मिनिटे ही पद्धत सोयीची पडते. हौद चांगला, नियंत्रक चांगला, परंतु संवेदक चुकीचा अथवा चुकीचा जोडलेला, असे झाल्यास सर्व खर्च वाया जातो. म्हणून ग्रामसेवकांनी व शेतकऱ्यांनी ही माहिती नीट समजून घ्यावी.

एका अंशाचे मोल

गुरांचा क्षय व सांसर्गिक गर्भपात या रोगांचे जंतू कच्च्या दुधातून माणसास बाधतात. १९५६ साली अमेरिकेत या पद्धतीची उष्णता ६१.७ वरून ६२.८ अंशांवर नेण्यात आली. कारण ‘क्यू ताप’ या रोगाचे जंतू आधीच्या उष्णतेस टिकाव धरू शकतात असे आढळले. वाढ अवघ्या एका अंशाची, पण तेवढ्यावर रोग व आरोग्य यांतील सीमा ठरली. ज्या संवेदकाची चूक तीन-चार अंशांची आहे, तो या कामी निरुपयोगीच नव्हे, तर घातक होय. कारण आकडा ६३ दिसतो आणि मनुष्य निश्चिंत होतो.

निवड कशी करावी

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात.

पहिला थर्मोकपल. दोन भिन्न धातूंच्या तारा टोकाशी जोडलेल्या असतात व उष्णतेने त्यांत अत्यंत सूक्ष्म दाब निर्माण होतो. भट्टीसारख्या शेकडो अंशांच्या कामास हा उत्तम. परंतु नेहमीच्या ‘के’ जातीच्या थर्मोकपलात अडीच अंशांपर्यंत फरक मान्य असतो, म्हणून दुधासाठी तो घेऊ नये.

दुसरा थर्मिस्टर. उष्णता वाढली की याचा विद्युत्‌रोध झपाट्याने घटतो. हा स्वस्त असून लांब तारेचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. कोंबडीच्या पिलांच्या उबवणघरास तो पुरेसा आहे.

तिसरा पीटी-१००. यात प्लॅटिनमची बारीक तार असते. शून्य अंशास तिचा रोध बरोबर १०० ओहम, व पुढे दर अंशास सुमारे ०.३८५ ओहम वाढतो. ‘ए’ वर्गाच्या पीटी-१०० मध्ये ६३ अंशांस फरक पाव अंशाच्या आसपास राहतो. दुधाच्या हौदासाठी हाच घ्यावा. तोही तीन तारांचा व गंजरहित पोलादी नळीत बसविलेला.

जोडणी

चूक बहुधा येथे होते. समजा, संवेदक दोनच तारांनी जोडला, तार अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची आणि नियंत्रक २० मीटर दूर आहे. जाण्यायेण्याची मिळून ४० मीटर तांब्याची तार झाली. तिचा स्वतःचा रोध जवळजवळ दीड ओहम भरतो. नियंत्रकास हा रोध तारेचा की उष्णतेचा हे कळत नाही. तो त्यास उष्णताच समजतो व पावणेचार अंश अधिक दाखवितो. आकडा ६३ दिसतो तेव्हा दूध प्रत्यक्षात ५९ च्या घरात असते.

तिसरी तार असते ती याच कारणासाठी. तिच्या साहाय्याने नियंत्रक तारेचा रोध वेगळा मोजून वजा करतो. म्हणून तिन्ही तारा एकाच जाडीच्या व एकाच लांबीच्या असाव्यात, आणि तिसरी तार ‘जास्तीची’ म्हणून कापून टाकू नये. सामान्यतः दोन तारा लाल व एक पांढरी असते. खात्रीसाठी मीटरने रोध मोजावा. दोन लाल तारांमध्ये तो शून्याजवळ, तर लाल व पांढरी यांमध्ये २५ अंशांच्या हवेत ११० ओहमच्या जवळपास यावा.

पुढील गोष्टीही पाळाव्यात :

१. तारा पिळून चिकटपट्टी लावू नये. स्क्रूच्या जोडपट्टीतच घट्ट बसवाव्यात.

२. संवेदकाची तार हीटरच्या जाड तारांबरोबर एकाच नळीतून नेऊ नये. तीवरील जाळीचे आवरण एकाच टोकास भूमीशी जोडावे.

३. नियंत्रकात ‘पीटी-१००’ हीच निवड केलेली आहे की नाही, ते पाहावे.

४. हीटरचा भार नियंत्रकातून सरळ नेऊ नये. तीन किलोवॅटचा हीटर सुमारे १३ अँपिअर प्रवाह घेतो. त्यास कॉन्टॅक्टर लावावा. भूमिजोडणी व ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच अवश्य हवा. हे काम परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करवून घ्यावे.

संवेदक हीटरच्या वेटोळ्याजवळ किंवा हौदाच्या भिंतीस टेकवून बसवू नये. नळीच्या जाडीच्या दहापट लांबी तरी दुधात बुडालेली असावी. दूध सतत ढवळले जावे. वरचा फेस थंड राहतो व त्यात जंतू टिकतात.

पडताळणी

चुरलेला बर्फ व थोडे पाणी एकत्र करून त्यात संवेदक पाच मिनिटे धरावा. आकडा शून्य यावा. त्यानंतर उकळत्या पाण्यात धरावा. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्याने पाणी तेथे १०० ऐवजी ९८ अंशांच्या आसपास उकळते. १०० दिसले म्हणजे संवेदक अचूक, असा समज करून घेऊ नये. ती चुकीची खूण होय. शेवटी कोमट पाण्याच्या भांड्यात विश्वासू तापमापकाशी ६३ अंशांच्या जवळ तुलना करावी. काचेचा तापमापक मात्र दुधात कधीही बुडवू नये.

आणखी एक परीक्षा हीटर चालू असताना घ्यावी. मुख्य विजेस हात न लावता, केवळ संवेदकाची जोडणी सोडावी. हीटर ताबडतोब बंद पडला पाहिजे. थर्मिस्टर वापरणाऱ्यांनी ही परीक्षा विशेषेकरून घ्यावी. त्याची तार तुटली तर साध्या नियंत्रकास ती थंडीच वाटते, हीटर चालूच राहतो आणि उबवणघरातील पिले होरपळतात.

पिलांच्या बाबतीत, पहिल्या आठवड्यात सुमारे ३३ ते ३५ अंश उष्णता ठेवून पुढे दर आठवड्यास तीनएक अंश कमी करावी. संवेदक पिलांच्या पाठीच्या उंचीवर असावा. आकडा काहीही सांगो, पिले एकमेकांवर गर्दी करू लागली तर त्यांस थंडी वाजत आहे असे समजावे.

दुधाच्या हौदावर नियंत्रक ६५ अंशांवर ठेवावा, म्हणजे उरलासुरला फरक भरून निघेल. तारखेसह पडताळणीची नोंद वहीत करावी व बर्फाची परीक्षा दर महिन्यास पुन्हा घ्यावी. तिला अर्धा तास पुरतो आणि बर्फाव्यतिरिक्त खर्च काही नाही. ते दूध आपल्या व शेजाऱ्याच्या मुलांच्या पेल्यात जाणार आहे, एवढे लक्षात ठेवले म्हणजे हा अर्धा तास कोणी टाळणार नाही.