जुना संगणक : खोडवा ठेवायचा की मोडायचा?



खोडवा ठेवायचा की मोडायचा, हे आपण लागणीची तारीख पाहून नव्हे, तर फुटवे आणि नांग्या पाहून ठरवितो. घरातला जुना संगणक आणि गाणी ऐकायचे यंत्र यांनाही हाच न्याय लावावा. आधी दुखणे कुठे आहे ते पाहा.

१) संगणक सुरू व्हायलाच पाच-दहा मिनिटे लागत असतील, तर बहुधा आतली फिरती हार्ड डिस्क थकलेली असते. तिच्या जागी एसएसडी बसविली, की तोच संगणक चांगला पळू लागतो. नांगी भरून भागत असेल, तर सगळे रान कशाला नांगरायचे?

२) विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत अशा संगणकावर बँकेचे व्यवहार करू नयेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सोय लागते. ती नसल्यास लिनक्स घालावे, नाहीतर संगणक बदलावा.

३) ॲपलने २००१ साली आणलेल्या आयपॉडचे उत्पादन २०२२ मध्ये थांबविले. तरी जुना आयपॉड नवी बॅटरी घालून गाणी वाजवितोच. भरलेल्या गाण्यांना इंटरनेट लागत नाही. मात्र बॅटरी फुगली, तर चार्जिंगला मुळीच लावू नका.

मोडण्याआधी फोटो, दाखले, हिशेब आणि आवाजाच्या नोंदी यांची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. यंत्र पुन्हा विकत मिळेल. गेलेल्या माणसाचा आवाज मिळायचा नाही.