शेजार मोडला तेव्हा
विद्यापीठाचं मैदान : भाग सहावा

शनिवारी सकाळी ईएसपीएन ही क्रीडावाहिनी 'कॉलेज गेमडे' हा कार्यक्रम थेट दाखवते. दर आठवड्याला विद्यापीठ वेगळं, पटांगण वेगळं. पुढे टेबलामागे विश्लेषक बसलेले आणि त्यांच्या पाठीशी त्या गावच्या पोरांचा गोंगाट. या गर्दीत ऑक्टोबर २००३पासून एक किरमिजी झेंडा न चुकता हलताना दिसतो. कार्यक्रम टेक्सासात असो की ओहायोत, झेंडा वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचा. त्या दिवशी तिथे त्यांचा सामना असतो असं नाही, बहुतेकदा नसतोच. माजी विद्यार्थी तो कुरिअरनं एकमेकांकडे धाडतात, आणि जिथे कार्यक्रम असेल तिथला कुणीतरी पहाटे उठून काठी घेऊन हजर होतो. खुद्द 'गेमडे' या विद्यापीठाच्या गावी पहिल्यांदा आला तो ऑक्टोबर २०१८मध्ये. पंधरा वर्षं लोकांच्या दारात उभं राहिल्यावर!

त्या गावाचं नाव पुलमन. वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व टोकाला, गव्हाच्या लाटांसारख्या टेकड्यांमध्ये. आपल्याकडची कृषी विद्यापीठं ज्या 'लँड ग्रँट' नमुन्यावर उभी राहिली, त्याच जातकुळीचं, १८९०मध्ये स्थापन झालेलं हे विद्यापीठ. राहुरी डोळ्यांसमोर आणा आणि तिथे ३३ हजारांचं स्टेडियम बांधा. गावाची वस्तीही जेमतेम तेवढीच.

गेल्या आठवड्यात मार्चमधल्या ६८ संघांच्या बास्केटबॉल स्पर्धेचं गणित पाहिलं. आज तो सगळा डोलारा ज्याच्या खिशावर आणि घशावर उभा आहे, त्या जुन्या चाहत्याचं म्हणणं ऐकायचं आहे. असा माणूस पुलमनमध्ये शोधावा लागत नाही. विद्यार्थी म्हणून आला, पदवी घेऊन गेला, पण शरद ऋतूतले शनिवार आणि हिवाळ्यातल्या बास्केटबॉलच्या रात्री कायमच्या बांधल्या गेल्या. यापेक्षा सरस खेळ व्यावसायिक लीगमध्ये पाहायला मिळतो हे तो जाणतो. त्याला सरस खेळ नको असतो, आपला खेळ हवा असतो. पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी भरत नाट्य मंदिराबाहेर 'आव्वाज कुणाचा' ऐकलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. फरक एवढाच, की तिथे घोषणा देणारा पंचविशीत नोकरीला लागतो आणि विसरतो. पुलमनचा सत्तरीतही विसरत नाही.

आज हा चाहता रागावलेला आहे. त्याच्या तक्रारी दोन. त्यातली एक सोळा आणे खरी आहे. दुसरी तितकी नाही.

पहिली तक्रार शेजाऱ्यांची. अमेरिकेतली विद्यापीठं 'कॉन्फरन्स' नावाच्या गटांमध्ये खेळतात. हे गट मुळात भूगोलातून जन्मले : रेल्वेनं जाऊन सामना खेळून परत येता येईल अशा अंतरावरचे सोबती. पॅसिफिक किनाऱ्यावरचा गट १९१५चा. वॉशिंग्टन स्टेट त्यात १९१७मध्ये आलं. पुढे नावं बदलत बदलत त्याचा 'पॅक-१२' झाला. या गटात सिॲटलचं वॉशिंग्टन विद्यापीठही होतं, म्हणजे पुलमनचा हाडवैरी. एक शहरी, श्रीमंत, समुद्राकाठचा. दुसरा शेतकऱ्यांच्या पोरांचा. दोघांमधला फुटबॉलचा सामना १९००पासूनचा, नाव 'ॲपल कप', आणि नोव्हेंबरअखेर मोसमाचा शेवट बहुधा त्यानंच व्हायचा. एकाच घरात नवरा एका विद्यापीठाचा आणि बायको दुसऱ्याची असली, की त्या आठवड्यात थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला वेगळीच चव यायची.

या गोष्टीला सुरुंग लागला तो फार आधी, आणि तोही न्यायालयात. १९८४पर्यंत कॉलेज फुटबॉलचे किती सामने टीव्हीवर दिसायचे हे राष्ट्रीय संघटना, म्हणजे एनसीएए, ठरवत असे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी त्याला आव्हान दिलं. सर्वोच्च न्यायालयानं ७ विरुद्ध २ मतांनी ही मक्तेदारी मोडीत काढली. विरोधात लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे गाजलेले फुटबॉलपटू. पैसा मोकळा सुटला तर शिक्षणाशी असलेलं या खेळाचं नातं तुटेल, अशी त्यांची भीती होती. कायद्याच्या दृष्टीनं बहुमताचा निकाल बरोबर असेलही. माणसाचा स्वभाव व्हाइट यांना जास्त कळला होता, असं आज मागे वळून पाहताना वाटतं.

त्यानंतर हक्क विकायचे ते गटांनी, आणि ज्या गटात मोठी शहरं त्याला मोठी बोली. जून २०२२मध्ये लॉस एंजेलिसच्या दोन्ही विद्यापीठांनी 'बिग टेन' या मध्य-पश्चिमेकडच्या गटात जायचं जाहीर केलं. दोनच महिन्यांत त्या गटानं सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरच्या वर किंमत असलेला प्रक्षेपण करार केला. पॅक-१२ला तसं गिऱ्हाईक मिळेना. ४ ऑगस्ट २०२३ या एकाच शुक्रवारी पाच विद्यापीठं बाहेर पडली. त्यात सिॲटलचा हाडवैरीही होता. कॅलिफोर्नियातली स्टॅनफर्ड आणि बर्कली थेट 'अटलांटिक कोस्ट' गटात गेली. पॅसिफिकच्या काठावर बसून अटलांटिकचं नाव लावायचं! बिग टेनमध्ये आज अठरा सदस्य आहेत, नाव मात्र तेच. सिॲटलच्या पोरींना व्हॉलीबॉलचा गटसामना खेळायला सुमारे चार हजार किलोमीटरवरच्या न्यू जर्सीला जावं लागतं, कारण फुटबॉलचा करार तसा आहे.

बारांपैकी दहा गेले. उरले दोन : वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट. दोन्ही कृषी परंपरेतली, दोन्ही लहान गावांतली. मैदानावर ती हरली म्हणून मागे राहिली असं नाही. त्यांच्या गावात टीव्हीचे प्रेक्षक कमी, इतकाच त्यांचा दोष.

ॲपल कप त्यातूनही वाचला, पण आपल्या जागेवरून हलला. २५ नोव्हेंबर २०२३ला सिॲटलनं तो अखेरच्या क्षणी मारलेल्या फील्ड गोलवर २४-२१ असा जिंकला. पुढच्या वर्षी तो १४ सप्टेंबरला झाला, ऐन उन्हात, मोसम धड सुरूही झालेला नसताना. पुलमननं गोलरेषेपाशी प्रतिस्पर्ध्याला शेवटच्या प्रयत्नात अडवून २४-१९नं बाजी मारली. विजय मोठाच, पण दिवाळी श्रावणात साजरी केल्यासारखा.

दुसरी तक्रार खेळाडूंबद्दलची. पोरं टिकत नाहीत, पैशामागे पळतात, जर्सीचं कुणाला काही नाही. उदाहरणं चाहत्याच्या तोंडावर असतात. क्वार्टरबॅक कॅम वॉर्ड दोन मोसम पुलमनला खेळला, मग मायामी विद्यापीठात गेला, आणि २०२५मध्ये व्यावसायिक निवडीत पहिल्या क्रमांकावर उचलला गेला. बास्केटबॉलमध्ये २०२४ साली सोळा वर्षांनी संघ मार्चच्या स्पर्धेत पोचला, एक सामना जिंकलाही. त्यानंतर प्रशिक्षक काइल स्मिथ स्टॅनफर्डला गेले आणि कर्करोगावर मात करून परतलेला, सगळ्यांचा लाडका मायल्स राइस इंडियानाला.

इथे या चाहत्याशी भांडावं लागतं. प्रशिक्षक तर कायमच जात होते. तेव्हा कुणी निष्ठेचा जप केला नाही. याच गावाला २००७ आणि २००८ मध्ये स्पर्धेत नेणारे टोनी बेनेट २००९मध्ये व्हर्जिनियाला गेले, आणि पुलमननं डोळे पुसत त्यांना निरोपही दिला. खेळाडूनं तेच केलं तर मात्र तो बेइमान! अमेरिकेतल्या बहुसंख्य राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर हा फुटबॉलचा किंवा बास्केटबॉलचा प्रशिक्षक असतो. खेळाडूला मिळत होती ती फी, राहणं आणि जेवण. 'विद्यार्थी-खेळाडू' हा भारदस्त शब्द १९५०च्या दशकात घडवला गेला, तो जखमी खेळाडूंना कामगार म्हणून भरपाई द्यावी लागू नये यासाठी. त्यामागे होते एनसीएएचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स, आणि निवृत्तीनंतर १९९५मध्ये पुस्तक लिहून या व्यवस्थेवर सर्वांत जळजळीत टीका केली तीही त्यांनीच.

न्यायालयं मग एकेक गाठ सोडवत गेली. जून २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ९-० असा निकाल एनसीएएच्या विरोधात दिला. १ जुलैपासून खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा जाहिरातींसाठी विकायची मुभा मिळाली. त्याच सुमारास एकदा विद्यापीठ बदलल्यावर वर्षभर बाहेर बसण्याची अटही गेली. ६ जून २०२५ला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीनुसार माजी खेळाडूंना मिळून सुमारे २८० कोटी डॉलर मिळायचे आहेत, आणि विद्यापीठं पहिल्या वर्षी आपल्या खेळाडूंना थेट २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत वाटू शकतात. 'पर्यंत' हा शब्द महत्त्वाचा. लॉस एंजेलिसला ते जमेल. पुलमनला?

बेनेट यांची गोष्ट अजून पुरी झालेली नाही. २०१८मध्ये त्यांचा अव्वल मानांकित व्हर्जिनिया यूएमबीसी या सोळाव्या मानांकित संघाकडून ७४-५४ असा हरला. पुरुषांच्या स्पर्धेत असं कधीच घडलं नव्हतं. वर्षभरानं त्याच संघानं विजेतेपद मिळवलं. ऑक्टोबर २०२४मध्ये, मोसम तोंडावर असताना, त्यांनी अचानक निवृत्ती घेतली. खेळाडूंना पैसे मिळायला हवेत हे त्यांना मान्य होतं; फक्त या नव्या बाजारात वावरायला आपण योग्य माणूस नाही, असं त्यांचं म्हणणं. रागावलेल्या चाहत्यापेक्षा त्यांनी हे अधिक स्वच्छ मांडलं.

पुलमनच्या चाहत्याला एक दिलासा मात्र बास्केटबॉलनं दिला आहे. उरलेल्या दोघांनी पॅक-१२ नव्यानं बांधायला घेतला. बोइसी स्टेट, सॅन डिएगो स्टेट अशी पश्चिमेकडचीच विद्यापीठं त्यात यायला राजी झाली. त्यात स्पोकेन शहरातलं गोंझागाही आहे, पुलमनपासून गाडीनं दीड तासाच्या आत. १९९९पासून मार्चची स्पर्धा न चुकवणारा, २०१७ आणि २०२१मध्ये अंतिम सामना खेळलेला हा संघ. प्रवेशाची तारीख ठरली १ जुलै २०२६. फुटबॉलच्या पैशापायी मोडलेल्या घरात येणाऱ्या या सर्वांत नामवंत पाहुण्याकडे फुटबॉलचा संघच नाही. तो त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंद केला, तो पुन्हा सुरू केलाच नाही.