कमरेचे हत्यार

पिस्तूल हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला, काडतूसही त्यांचेच. तोफ तुर्कांची, बंदूक अरबी-फारसीच्या वाटेने आली. दारूगोळ्याच्या दालनात मराठीने घरची म्हणावी अशी भर घातली ती मला तरी ‘घोडा’ आणि ‘चाप’ या दोन शब्दांचीच दिसते. एवढे ज्ञान पदरी असलेल्या मराठीच्या प्राध्यापकाने पिस्तुलावर लेख लिहावा हे वाचकांना जरा धाडसाचे वाटेल. पण आमच्या सोलापुरात प्राध्यापकाकडे लोक व्याकरण विचारायला येत नाहीत, अर्ज लिहून घ्यायला येतात. नळाचा अर्ज, वारसाचा अर्ज, आणि गेल्या वर्षी शस्त्रपरवान्याचा अर्ज.

अर्जदार आमचे शेजारी. सराफीचा धंदा. रात्री दुकान बंद करून मोजका माल पिशवीत घेऊन स्कूटरवरून घरी येतात. त्यांच्याच धंद्यातल्या एका ओळखीच्या माणसाला वाटेत अडवून लुटले, तेव्हापासून यांची झोप उडाली होती. “सर, एक लहानसं, खिशात मावेल असं हत्यार घ्यावं म्हणतो. कोणतं घ्यावं, तेवढं बघून सांगा की.” जणू मी शब्दकोश उघडून ‘प’ या अक्षराखाली उत्तर काढणार होतो! परंतु माणूस मनापासून घाबरलेला होता. मग मी नियम वाचले, जाणत्या माणसांना विचारले, आणि पहिल्याच आठवड्यात कळले की ‘कोणते घ्यावे’ या प्रश्नाचे निम्मे उत्तर सरकारने आधीच देऊन ठेवले आहे.

इंग्रजांनी १८७८ साली कायदा करून हिंदी माणसाच्या हातचे हत्यार काढले. स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९ चा. तो १९६२ पासून अंमलात आला, आणि सध्याचे नियम २०१६ चे आहेत. फौजेची काडतुसे ज्यांत बसतात त्या नळ्या सामान्य नागरिकाला निषिद्ध. त्यामुळे चित्रपटातला नायक ज्या ९ मिलिमीटरच्या पिस्तुलाने खलनायकाला लोळवतो ते बाद. परदेशी माल आणावा, तर सामान्य माणसासाठी ती आयात १९८० नंतरच्या दशकातच बंद झाली. म्हणून आजोबांच्या काळातली विलायती पिस्तुले आजही अवाच्या सवा किमतीला हस्तांतरित होतात. उरते काय, तर मुख्यतः ०.३२ इंचाची जात. बोलीत ‘बत्तीस बोअर’. गोळीचा व्यास सुमारे आठ मिलिमीटर, करंगळीच्या नखाएवढा.

या बत्तिशीत दोन घराणी आहेत. एक रिव्हॉल्व्हरचे. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे रिव्हॉल्व्हर साधारण सातशे ग्रॅम भरते, फिरत्या चकतीत सहा काडतुसे बसतात. त्याचेच हलके भावंड ‘निर्भीक’ २०१४ च्या जानेवारीत निघाले. टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, अर्ध्या किलोचे, आणि स्त्रियांच्या पर्ससाठी म्हणून गाजवलेले. किंमत मात्र तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात, म्हणजे ज्या स्त्रीला रात्री बसथांब्यावर एकटे उभे राहावे लागते तिच्यासाठी ते नव्हतेच. २०२३ साली ‘प्रबल’ आले. त्याची चकती बाजूला उघडते, जुन्यासारखे ते मधून मोडावे लागत नाही. दुसरे घराणे पिस्तुलाचे. बंगालमधल्या सरकारी कारखान्यांतून ते निघते. अंगाने चपटे, त्यामुळे सदऱ्याखाली कमी फुगते.

शेजाऱ्यांचे मन अर्थातच चपट्यावर बसले. मला मात्र एका निवृत्त फौजदारांनी सांगितलेली गोष्ट पटली. रिव्हॉल्व्हरची चकती उघडली की आत काय आहे ते आंधळ्यालाही बोटांनी कळते. पिस्तुलाचे मात्र तसे नाही. मूठीतला काडतुसांचा खण काढून घेतला तरी एक काडतूस नळीच्या तोंडाशी बसलेले राहू शकते, आणि ‘रिकामे आहे’ म्हणून हाताळलेल्या पिस्तुलातून माणसे मरतात ती त्याच एका काडतुसाने. रोजच्या सरावातल्या हाताला पिस्तूल चालेल. वर्षातून दोनदा कपाटातून काढणाऱ्याने रिव्हॉल्व्हरच घ्यावे.

आणि काडतुसे! दोन्हींवर ‘बत्तीस’ असे लिहिलेले असले तरी ती एकमेकांच्या जागी घालायची नाहीत. रिव्हॉल्व्हरचे लांबट, बुडाशी बाहेर आलेली कड असलेले. पिस्तुलाचे आखूड, त्याच्या गोळीवर तांब्याच्या मिश्रधातूचे कवच. दुकानात घोटाळा होतो तो नेमका इथे. पुण्याजवळच्या खडकीच्या काडतूस कारखान्याचा (स्थापना १८६९) शिक्का असलेला माल पुष्कळ ठिकाणी मिळतो. परवान्यावर जेवढा आकडा लिहिला असेल तेवढीच काडतुसे विकत मिळतात, म्हणजे सरावाची हौसही मोजूनमापूनच. जुनी काडतुसे वर्षानुवर्षे चामड्याच्या पट्ट्यात ठेवू नयेत. चामड्यामुळे पितळेला हिरवा कळंक चढतो. आमच्याकडे मे महिन्यात घामाने सदरा अंगाला चिकटतो, तिथे पोलादही गंजायला वेळ लागत नाही.

आता लहानपणाविषयी. हत्यार जितके लहान तितके लपवायला सोपे, हे उघड आहे. ते जितके लहान तितके नेमके मारायला अवघड, हे मात्र कोणी सांगत नाही. नळी आखूड झाली की नेमाची रेषाही आखूड होते, वजन घटले की धक्का वाढतो, आणि रिव्हॉल्व्हरचा चाप एका दमात ओढायला बोटात चांगलाच जोर लागतो. नेम तर सोडाच, अगदी समोरून, हाताच्या अंतरावरून झाडलेल्या गोळीचीही खात्री देता येत नाही. त्याचा दाखला सोलापूरकराने बाहेर शोधायला नको.

१९३० च्या मे महिन्यात आमच्या गावात लष्करी कायदा पुकारला गेला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्याला फाशी दिले. त्या सोलापूरचा राग मनात धरून वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने २२ जुलै १९३१ रोजी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात मुंबईचा हंगामी गव्हर्नर अर्नेस्ट हॉटसन याच्यावर गोळी झाडली. हत्यार अंगावर लपवून आणलेले, अंतर अगदी थोडे, मनात निर्धार पुरेपूर. गोळी लागली ती छातीच्या खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर! हॉटसन वाचला, गोगट्यांना शिक्षा झाली. ही हकीकत मी शेजाऱ्यांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “सर, त्यांनी तर आधी ठरवून झाडली होती. माझ्यावर तर कोणीतरी मागून येणार.”

याहून नेमका मुद्दा मलाही सुचला नसता. एक हात स्कूटरच्या मुठीवर, दुसऱ्या हातात पिशवी. सदऱ्याखालचे हत्यार काढायला तिसरा हात कुठला आणायचा? आणि झाकून ठेवायचे ही काही हौस नव्हे, नियमच तसा आहे. सार्वजनिक जागी हत्यार म्यानात, पूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात असले पाहिजे, मिरवायचे नाही. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यांसाठी २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतची कैद किंवा लाखापर्यंतचा दंड, अथवा दोन्ही, ठेवले आहेत. स्वसंरक्षणाचा हक्क नव्या न्याय संहितेतही कायम आहे, कलमे ३४ ते ४४. पण तो धोक्याच्या मापाने तोलला जातो. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घालून तो हक्क सांगता येईल अशा भ्रमात कोणी राहू नये.

खरी उलटतपासणी झाली ती वहिनींकडून. हत्यार कुठे ठेवणार? तिजोरीत. किल्ली कोणाकडे? माझ्याकडे. तुम्ही दुकानात गेलात, नातू मागे लागला, तर? आणि काडतुसे त्याच तिजोरीत की वेगळी? निवडणुकीच्या वेळी ठाण्यात जमा करायचा हुकूम आला तर ते महिने पिशवी कोण सांभाळणार? या शेवटच्या प्रश्नावर शेजारी आणि मी, दोघेही चहाच्या कपात पाहू लागलो.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. पिशवी रात्री घरी आणणे शेजाऱ्यांनी बंद केले. माल दुकानातल्याच नव्या तिजोरीत राहतो, आणि घरी येतात ते दोघे मिळून, रोज वेगळ्या वाटेने. अर्ज मात्र त्यांनी मागे घेतला नाही. शहरात हा अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो. हत्याराच्या रकान्यात त्यांनी रिव्हॉल्व्हर लिहिले, प्रशिक्षणाचे नि प्रकृतीचे दाखले जोडले, आणि ‘कारण’ या रकान्यापाशी येऊन पेन माझ्या हातात दिले. मी तीन ओळी लिहिल्या, एकही विशेषण न घालता. आता चौकशीला हवालदार येतील, शेजारच्या घरी अर्जदाराचा स्वभाव विचारतील. वहिनींनी मला बजावून ठेवले आहे, “भाऊजी, खरं तेच सांगा. रागीट आहेत म्हणून सांगा.”