मोजल्याशिवाय बदलू नका : जुन्या आलिशान गाड्यांच्या विजेबद्दलचे गैरसमज

२०१०च्या ऑक्टोबरमध्ये औरंगाबादकरांनी एकाच दिवशी सुमारे दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या. सामूहिक खरेदी, रक्कम ६५ कोटींच्या घरात. देशभर त्या बातमीची चर्चा झाली. त्या काळातल्या गाड्या आता पंधरा वर्षांच्या झाल्या आहेत. मर्सिडीजची सी-क्लास, ई-क्लास, शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवलेली ऑडी आणि स्कोडा सुपर्ब, बीएमडब्ल्यूची ५ सिरीज अशा गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या हातात जात आज नगर, संगमनेर, श्रीरामपूर, राहाता इथल्या रस्त्यांवर एमएच-१६ आणि एमएच-१७च्या पाट्या लावून दिसतात. नव्या छोट्या गाडीच्या पैशांत जुनी मर्सिडीज मिळते, ही गोष्ट खरीच आहे. पुढे एक दिवस मीटरमध्ये चार-पाच दिवे एकदम पेटतात, कोणीतरी सांगतं ‘कॉम्प्युटर गेला’, लाखाच्या वरचा आकडा ऐकू येतो आणि गाडी वस्तीवर ताडपत्रीखाली जाते. त्यातल्या कितीतरी गाड्यांचा कॉम्प्युटर ठणठणीत असतो. हे थांबायला हवं, म्हणून हा लेख.

‘एकदम पाच दिवे पेटले, म्हणजे कॉम्प्युटर गेला’

खरं तर एकदम पाच दिवे पेटणं ही पुष्कळदा दिलासा देणारी खूण असते. एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग, गिअरबॉक्स ही सगळी यंत्रणा एकाच दिवशी बिघडण्याची शक्यता फार कमी. या सगळ्यांना सामाईक असलेली गोष्ट म्हणजे वीजपुरवठा. व्होल्टेज पडलं की प्रत्येक मॉड्यूल आपापली तक्रार नोंदवतं. म्हणून पहिलं हत्यार स्कॅनर नव्हे, मल्टीमीटर. पाचशे-सातशे रुपयांचा साधा मीटरही चालतो.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. १२.२ म्हणजे बॅटरी साधारण अर्धी रिकामी. स्टार्टर मारताना आकडा साडेनऊच्या खाली घसरत असेल तर बॅटरी थकली आहे, मग एरवी तिच्यावर दिवे कितीही लख्ख लागोत. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. बारा-साडेबारालाच काटा अडकला असेल तर अल्टरनेटर किंवा त्याची वायर तपासा. या गाड्यांत बऱ्याचदा बॅटरी डिकीत असते आणि बॉनेटखाली फक्त जोडणीसाठी टोकं दिलेली असतात. तेव्हा दोन्ही ठिकाणी मोजा. दोन आकड्यांत मोठा फरक निघाला तर दोष मधल्या केबलमध्ये आहे.

बॅटरी चांगली, अल्टरनेटर चांगला, तरी दिवे पेटतात. आता अर्थिंगकडे वळायचं. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी जाड विणलेली पट्टी पंधरा वर्षं उष्णता, तेल आणि धूळ खात लोंबकळलेली असते. तिच्या तारा आतून तुटतात, बोल्टखाली गंज धरतो. अनेक जण इथे मीटर ओहमवर ठेवून पट्टी तपासतात, शून्य दिसलं की ‘अर्थ ओके’ म्हणतात. इथेच फसगत होते. शंभर तारांपैकी दोन तारा चिकटलेल्या असल्या तरी ओहममीटर शून्यच दाखवणार, कारण तो अगदी किरकोळ प्रवाह सोडतो. स्टार्टर मात्र दोनशे अँपिअरच्या आसपास ओढतो. एवढ्या प्रवाहाला वाटेत ०.०१ ओहमचा अडथळा आला तरी २ व्होल्ट तिथेच खर्च होतात. म्हणून मीटर व्होल्टवर ठेवायचा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला, आणि कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगायचं. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की दोष सापडला. पट्टी काढा, खालचा धातू पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, नवी पट्टी बसवा. खर्च काहीशे रुपयांत.

मला या सगळ्या कामात हा एक तपास सर्वांत मोलाचा वाटतो. पट्टी बदलली असती तर भागलं असतं अशा गाड्यांत हजारोंचे सेन्सर बसवले जातात.

‘स्कॅनरने कोड दिला, तोच पार्ट बदला’

कोड म्हणजे कॉम्प्युटरला काय दिसलं त्याची नोंद. का दिसलं, ते शोधणं माणसाचं काम. पी०१७१ हा नेहमीचा कोड घ्या. त्याचा अर्थ एवढाच, की इंधनाच्या मानाने हवा जास्त जाते आहे. तो पाहून ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. वास्तविक त्या सेन्सरने आपलं काम चोख केलेलं असतं, त्यानेच तर हवा जास्त असल्याचं सांगितलं. जास्तीची हवा बहुधा एखाद्या तडकलेल्या रबरी नळीतून शिरत असते. नगरकडचा उन्हाळा आणि बॉनेटखालची उष्णता मिळून ते रबर दहा-बारा वर्षांत बिस्किटासारखं ठिसूळ करतात. हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसलेली धूळ किंवा थकलेला इंधनपंप हीसुद्धा कारणं असू शकतात.

दुसरी गोष्ट, ब्लूटूथवर चालणारा स्वस्त रीडर मुख्यतः इंजिनाच्या धुराशी संबंधित कोड वाचतो. एअरबॅग, एअर सस्पेन्शन, दरवाजांचे मॉड्यूल त्याला दिसतच नाहीत. त्याने ‘नो फॉल्ट’ म्हटलं म्हणजे गाडी निरोगी आहे असं नाही. आपल्या गाडीच्या कंपनीसाठी बनवलेला स्कॅनर लागतो आणि नगरच्या चांगल्या गॅरेजांत तो आता असतो. कोड पुसण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुसल्यावर लगेच परत आला तो दोष आजचा. चार महिन्यांपूर्वी बॅटरी उतरली तेव्हाचा असेल तर तो परत येणार नाही.

‘नगर दुष्काळी जिल्हा, इथे पाण्याने काय बिघडणार?’

पाऊस कमी पडतो हे खरं, पण गाडीत पाणी शिरायला पुराची गरज नसते. सनरूफच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या खाली उतरतात. काचेच्या खालच्या जाळीमागेही पन्हळ असते. आपल्याकडे गाडी सावलीसाठी लिंबाखाली नाहीतर चिंचेखाली लावतात. त्यांची बारीक पानं जाळीतून आत जातात, आठ महिन्यांच्या धुळीत मिसळतात आणि पहिल्याच वळवाच्या सरीत त्याचा गारा होऊन भोक बंद होतं. पाणी तुंबतं आणि केबिनकडे वाट काढतं. गाडी रोज पाइपने धुणाऱ्यांकडे तर पावसाचीही वाट पाहावी लागत नाही.

जुन्या पहिल्या पिढीच्या सुपर्बमध्ये खिडक्या, लॉक आणि आतले दिवे सांभाळणारं मॉड्यूल पुढच्या पायाजवळ गालिच्याखाली असतं. ते पाण्यात बसलं की काचा आपोआप खाली येतात, रात्री हॉर्न वाजतो, रिमोट चालत नाही. मग एकामागून एक मोटर, स्विच, रिमोट बदलले जातात. अनेक जर्मन गाड्यांत बॅटरी आणि काही मॉड्यूल डिकीच्या तळाशी असतात. मागच्या दिव्याचं रबर गेलं की तिथे पाणी साचतं.

उपाय घरचा आहे. पायाखालची मॅट उचलून गालिचा मुठीत दाबून पाहा, डिकीचं फळकूट काढून खाली हात फिरवा. ओल लागली तर आधी पाण्याची वाट बंद करा, मग मॉड्यूलकडे बघा. मे महिन्यात पानं काढून जाळीत तांब्याभर पाणी ओता आणि ते गाडीखाली पडतं का पाहा. सनरूफच्या नळ्यांत कॉम्प्रेसरची जोरदार हवा मारू नका. आतली जोडणी निसटली तर पाणी थेट छतात जाईल. हिरवट बुरशी धरलेला कनेक्टर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ होतो. पॉलिश पेपर तिथे नको, पिनेवरचा मुलामा निघून जातो.

‘उभ्या गाडीची बॅटरी उतरणारच, टर्मिनल काढून ठेवा’

लॉक केल्यावर गाडीतली मॉड्यूल लगेच झोपत नाहीत. काहींना अर्धा तास, काहींना त्याहून जास्त लागतो. सगळी झोपल्यावर सुमारे ५० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह जायला हवा. हिशोब करा : दिवसाला १.२ अँपिअर-तास. ८० अँपिअर-तासांची बॅटरी अर्धी व्हायला महिनाभर लागेल. हाच प्रवाह ५०० मिलिअँपिअर असेल तर तीन-चार दिवसांत ती अर्धी होते. तुमची गाडी चार दिवसांत मरत असेल तर काहीतरी जागं राहतं आहे.

ते शोधायला एकेक फ्यूज उपटण्याची पद्धत या गाड्यांत फसते, कारण फ्यूज काढून लावला की झोपलेलं मॉड्यूल पुन्हा जागं होतं. दरवाजा उघडा ठेवून त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद करा, गाडी लॉक करून तासभर थांबा, मग फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या पाठीवरच्या दोन टोकांमध्ये मिलिव्होल्ट मोजा. आकडा दिसला तर त्या वाटेने प्रवाह जातो आहे. हे काम दोन-तीन तास खातं. गिऱ्हाईक पार्टचे पैसे देतं, शोधण्याच्या वेळेचे देत नाही, म्हणून बरेच मेकॅनिक या वाटेला जात नाहीत आणि थेट नवी बॅटरी सुचवतात.

नवी बॅटरीही कोणतीही चालत नाही. गाडीला एजीएम जातीची बॅटरी दिलेली असेल तर तीच घ्या. बीएमडब्ल्यू आणि ऑडीच्या बऱ्याच मॉडेलांत बॅटरी बदलल्यावर कॉम्प्युटरला तसं स्कॅनरने कळवावं लागतं. नाहीतर तो जुन्या बॅटरीच्या हिशोबानेच चार्ज करत राहतो आणि नवी बॅटरी अकाली जाते.

बॅटरी उतरल्यावर रस्त्यात काय होतं तेही सांगतो. शेजारून जाणाऱ्याला हात केला जातो. ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची असते, तिच्यावरून जंप घ्यायला हरकत नाही. मात्र केबल जोडताना दोन्ही इंजिनं बंद ठेवून. मोठ्या मालट्रकला बहुधा दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. उसाच्या ट्रकवरून जंप घेतला तर मघाशी ठणठणीत असलेला कॉम्प्युटर खरोखर जाऊ शकतो. काळी केबल बॅटरीच्या निगेटिव्हवर न लावता बॉडीच्या ठरवून दिलेल्या टोकावर लावा, कारण बऱ्याच गाड्यांत निगेटिव्हवर बारीक सेन्सर बसवलेला असतो.

आणखी काही, थोडक्यात

‘फ्यूज सारखा उडतो, मोठा टाका.’ हा गैरसमज जीवघेणा आहे. १० अँपिअरच्या लाल फ्यूजजागी ३०चा हिरवा टाकला की फ्यूजऐवजी वायर जळते.

‘वायरीत सोयाबीन असतं म्हणून उंदीर कुरतडतात.’ उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, ते झिजवायला तो सोयाबीन नसलेल्या जुन्या वायरीही कुरतडतो. ऊसतोड झाली की शेतातले उंदीर वस्तीकडे येतात आणि उबदार इंजिनावर बसतात. गाडी आठवड्यातून दोनदा हलवा, आजूबाजूला कडबा आणि पोती ठेवू नका.

‘गाडी बसली, कॉम्प्रेसर गेला.’ एअर सस्पेन्शनच्या गाडीत पुष्कळदा आधी हवेच्या फुग्याला बारीक चीर जाते. कॉम्प्रेसर ती गळती भरून काढता काढता जळतो. नुसता कॉम्प्रेसर बदलला तर नवाही जळेल. फुग्यावर साबणाचं पाणी मारून बुडबुडे पाहा.

‘भंगारातून तोच ईसीएम आणून लावू.’ ईसीएम म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. तो दुसऱ्या गाडीच्या किल्लीशी बांधलेला असतो. डेटा जुळवल्याशिवाय गाडी सुरू होणार नाही. २०१०च्या आसपासच्या सी आणि ई-क्लासमध्ये किल्ली घातली तरी काहीच होत नाही, तेव्हा स्टिअरिंग लॉकची छोटी मोटर अडकलेली असणं हा जगभर माहीत असलेला दोष आहे. त्यासाठी ईसीएम उघडायचं कारण नाही.

‘एलईडी आणि चार्जर काय, कोणतेही लावा.’ नगरजवळ वाहननगरात डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्था आहे. एका उपकरणाच्या विद्युतचुंबकीय लहरींनी दुसरं बिघडतं का, याची चाचणी तिथे होते. टपरीवरचा चार्जर अशा कुठल्याही चाचणीतून गेलेला नसतो. रिमोट जवळ जाऊनही चालत नसेल तर आधी तो चार्जर काढून पाहा.

‘पंधरा वर्षांनी गाडी भंगारात द्यावीच लागते.’ वयाची तशी बंदी आली ती दिल्ली परिसरात. महाराष्ट्रात आरटीओची तपासणी, पर्यावरण कर आणि फी भरून खासगी गाडीची नोंदणी पुढे चालू ठेवता येते. १ एप्रिल २०२२पासून कारची ती फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, वीस वर्षांपुढच्या गाड्यांना आता याहून जास्त. तपासणीआधी दिवे आणि हॉर्न नीट करून घ्या.

काही कामांना मात्र स्वतः हात लावू नका. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरवर मल्टीमीटर लावायचा नाही. मीटरचा प्रवाहसुद्धा ती फोडू शकतो. २००६पर्यंतच्या काही ई-क्लासमध्ये एसबीसी नावाचे विजेवर चालणारे ब्रेक आहेत. ते स्कॅनरने बंद केल्याशिवाय पॅड काढायला गेलात आणि कोणी नुसता दरवाजा उघडला तरी पिस्टन जोरात बाहेर येतो, बोट तुटू शकतं.

राहिली तक्रार, ‘नगरला हे काम होत नाही, पुण्यालाच न्यावं लागतं.’ किल्लीचं कोडिंग किंवा एसबीसीसाठी न्या पुण्याला. अर्थिंग, ओल, बॅटरी, गळती, कुरतडलेली वायर ही सगळी कामं नगर, राहुरी किंवा शेवगावचा मीटर हाती धरणारा वायरमन करू शकतो. त्याने दोन तास मोजमाप करून काहीशे रुपयांची पट्टी बदलली आणि दीड हजार मजुरी मागितली, तर ती घासाघीस न करता द्या. तुमचे पाऊण लाख त्यानेच वाचवलेले असतात.