खार्किवची अकादमी: डिझाइनचे मूळ १८६९चे

खार्किवच्या डिझाइन व कला अकादमीत डिझाइन शिरले ते १९६३ साली, सोव्हिएत उद्योगांच्या गरजेपोटी, असे म्हणता येईल. त्या वर्षी तिची कला-औद्योगिक संस्था झाली, हे खरेच. पण बीज जुने आहे. चित्रकार मारिया रायेव्हस्का-इव्हानोव्हा यांनी १८६९ मध्ये इथे खासगी चित्रशाळा काढली आणि घराघरांसाठी, शाळांसाठी रेखाटनाचे प्राथमिक पुस्तकही लिहिले. रेखाटन मूठभर कलावंतांपुरते नाही, ही भूमिका त्यातच आली. १८९६ मध्ये शाळा शहराकडे गेली. पुढे कॉन्स्तान्तिन झुकोव्ह यांनी तिच्यासाठी बांधलेल्या, १९१३च्या इमारतीच्या दर्शनी भागावर युक्रेनी लोककलेचे नक्षीकाम आहे. उपयोग आणि सौंदर्य इथे आधीपासूनच एकत्र नांदत होते. १९६३च्या बदलाने त्याला फक्त सरकारी नाव दिले.